लहान मुलांचं अंगठा चोखणं: कधी सोडून द्यायचं, कधी हात घालायचा

आमच्या घरात एका रविवारी मी एका वाक्याची मोजदाद केली. 'काढ बोट तोंडातून.' सकाळी उठल्यापासून दुपारच्या झोपेपर्यंत घरातल्या चार मोठ्या माणसांनी मिळून ते ३१ वेळा म्हटलं. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. ३१ वेळा अंगठा बाहेर आला आणि ३१ वेळा परत आत गेला. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरच्या रेघा संध्याकाळी मोजल्या तेव्हा कळलं, सवय तिच्या एकटीची नव्हती. आम्हालाही टोकायची लागली होती.

पुढचं वर्षभर या अंगठ्याच्या मागे लागून मी बरंच वाचलं, एका बालदंततज्ज्ञ बाईंचं डोकं खाल्लं आणि घरी दोन गोष्टी चुकीच्या करून मग तिसरी बरोबर केली. त्यातून हाती लागलेलं इथे सांगते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: अंगठा मुलासाठी काहीतरी काम करत असतो. ते काम कोणतं हे कळून ते दुसऱ्या कुणाकडे सोपवेपर्यंत अंगठा काही सुट्टीवर जात नाही.

पोटात असल्यापासूनची ओळख

अंगठा चोखणं बाळ कुणाकडून शिकत नाही. साधारण पंधराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतही गर्भ अंगठा तोंडात घालताना दिसतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर हेपर यांनी अशा गर्भांच्या नोंदी ठेवल्या आणि मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. २००५ साली त्यांनी ७५ मुलांचा हिशेब मांडला. पोटात असताना उजवा अंगठा चोखणारी ६० मुलं मोठेपणी साठच्या साठ उजव्या हाताची निघाली. डावा अंगठा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी झाली. म्हणजे कोणता हात पुढे करायचा याचा कल जगात यायच्या आधीच ठरू लागलेला असतो आणि त्याची पहिली खूण हा अंगठाच.

जन्मल्यावर तर चोखता येण्यावरच पोट अवलंबून. गालाला काही लागलं की बाळ तिकडे तोंड वळवतं, ओठाला लागलं की चोखू लागतं. पण चोखण्याचे प्रकार दोन आहेत, आणि फरक घड्याळ लावून मोजता येतो. दूध पिताना बाळ साधारण सेकंदाला एकदा चोखतं, मध्ये गिळतं, श्वास घेतं. नुसतंच, दुधाविना चोखताना हाच वेग जवळपास दुप्पट होतो. हे दुसरं चोखणं भुकेचं नसतं. ते शांत होण्यासाठी असतं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून रक्त घ्यायचं असतं तेव्हा नवजात अतिदक्षता विभागात त्यांना काहीतरी चोखायला देतात, कारण त्यानं वेदना सुसह्य होते. तेव्हा 'अंगठा चोखून काय मिळतं गं तुला?' या प्रश्नाचं उत्तर अगदी सरळ आहे: बरं वाटतं.

आपल्याकडे ही गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक होतीच. युवनाश्व राजाच्या कुशीतून जन्मलेल्या बाळाला आता दूध कोण पाजणार, असा प्रश्न पडला तेव्हा इंद्रानं आपली तर्जनी त्याच्या तोंडात दिली आणि 'मां धास्यति', हा मला पिईल, असं म्हणाला. त्यावरून त्या मुलाचं नाव मांधाता पडलं. वडाच्या पानावर निजून पायाचा अंगठा चोखणाऱ्या बाळमुकुंदाचं चित्र तर कितीतरी देवघरांत आहे. आमच्याही. त्याच चित्रासमोर उभं राहून आम्ही लेकीला 'शी, घाण!' म्हणत होतो, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

मग मुलं दोन वर्षांनंतरही का चोखतात? मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९०५ मध्ये या सवयीत लैंगिक सुखाचं बीज पाहिलं. त्यामुळे पुढच्या कितीतरी आईबापांना 'आपल्याकडून काही राहिलं का' ही टोचणी लागली असेल. आज बालरोगतज्ज्ञ त्याकडे बऱ्याच साध्या नजरेनं पाहतात. झोप येताना, कंटाळा आल्यावर, अनोळखी माणसांत बुजल्यावर मुलाला स्वतःला शांत करायचं असतं, आणि अंगठा चोवीस तास हाताशी असतो. तो हरवत नाही, त्याला चार्ज करावं लागत नाही, तो मागायला आईकडे जावं लागत नाही. जास्त काळ अंगावर प्यालेल्या मुलांत ही सवय कमी आढळते असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. पण माझी लेक दीड वर्षं अंगावर पीत होती आणि तरी चोखत होती. तेव्हा या वाक्याचा उपयोग कुणी सुनेला टोमणा मारायला करू नये.

दातांचं नेमकं काय होतं

'दात पुढे येतील' एवढं सगळेच म्हणतात. कसे येतात ते कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळते.

दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. आतून जीभ ढकलत असते, बाहेरून ओठ आणि गाल दाबत असतात, आणि या रेटारेटीत दात आपली जागा धरून असतो. दात सरकायला जोर लागत नाही, वेळ लागतो. दात सरळ करायला लावलेल्या तारा हेच तर करतात: हलका दाब, पण तासन्‌तास. दंतवैद्यकात साधारण हिशेब असा सांगतात, की दिवसाला सुमारे ६ तास दाब राहिला तर दात हलायला लागतो. म्हणून दिवसभर अधूनमधून मचमच आवाज करत जोरात चोखणाऱ्या मुलापेक्षा, रात्रभर अंगठा तोंडात ठेवून निवांत झोपणाऱ्या मुलाच्या दातांची काळजी जास्त करावी लागते. मला हे उलटं वाटायचं. आवाज येतो तिकडे लक्ष जातं आणि नुकसान मात्र शांततेत होत असतं.

आता अंगठा तोंडात कसा बसतो ते आरशासमोर उभं राहून एकदा स्वतः करून पाहा. अंगठ्याचा मऊ भाग टाळूला टेकतो. तो वरच्या पटाशीच्या दातांना पुढे आणि वर ढकलतो, खालच्यांना आत. परिणामी वरचे दात पुढे झुकतात, आणि मागच्या दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांमध्ये अंगठ्याएवढी खिडकी उरते. मूल कायम एका बाजूनं चोखत असेल तर ती खिडकीही त्याच बाजूला असते. त्याच वेळी जीभ खाली दबलेली असते. एरवी जीभ टाळूला आतून आधार देते. आता तो आधार गेला आणि चोखताना गाल मात्र दोन्ही बाजूंनी आत ओढले जातात. वरचा जबडा अरुंद होत जातो आणि वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसू लागतात. पुढे खिडकी राहिली की जीभ तिच्यातून डोकावायला शिकते. मग काही मुलांचा 'स' जिभेचं टोक बाहेर येऊन बोबडा होतो.

हे वाचून घाबरायचं नाही, कारण यात वयाचा मोठा वाटा आहे. पुढचे कायमचे दात साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास येतात. त्याआधी सवय सुटली तर दुधाच्या दातांतली पुढची खिडकी बऱ्याचदा आपोआप मिटते, ओठ आणि जीभ मिळून दातांना जागेवर आणतात. अरुंद झालेला जबडा मात्र तितका सहज परत रुंदावत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मुलांच्या चोखण्याच्या सवयींचा, अंगठा आणि रबरी चोखणी दोन्हींचा, लहानपणापासून माग ठेवला गेला. २००१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षात, चार वर्षांनंतरही चोखत राहिलेल्या मुलांच्या दातांत सर्वांत ठळक बदल दिसले. पण दोन-तीन वर्षांपर्यंत चोखणाऱ्यांतही थोडेफार बदल राहिलेच होते.

तर माझ्या मते वेळापत्रक असं. दोन वर्षांपर्यंत काहीच करू नका, खरोखर काहीच नाही. दोन ते चार या वयात बहुतेक मुलं आपणहून सोडतात. तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास हळूच मदत सुरू करायला हरकत नाही. चार पूर्ण झाल्यावरही रोज तासन्‌तास चालू असेल तर मनावर घ्या. आणि पहिले कायमचे दात दिसायला लागल्यावरही चालू असेल तर बालदंततज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात आहे. तिथे खर्चही खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

आमच्या बालदंततज्ज्ञ बाईंनी लेकीचं तोंड बघायच्या आधी तिचे हात बघितले. उजव्या हाताची चार बोटं वाळूत खेळून मळलेली आणि अंगठा एकटाच धुतल्यासारखा गोरापान, मागच्या बाजूला दाताचा छोटा घट्टा. 'हा किती वेळ आत असतो ते मला आईनं सांगायची गरजच नाही,' त्या म्हणाल्या.

जंत, नखुरडं आणि न्यूझीलंडची एक गंमत

दातांखेरीज दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. सतत ओल्या राहिलेल्या अंगठ्याची कातडी फाटते, नखाच्या कडेला नखुरडं होतं. लाल होऊन ठणकायला लागलं, पू दिसला, तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. दुसरी गोष्ट जंत. सुतासारखे बारीक पांढरे जंत रात्री शौचाच्या जागी खाज आणतात, मूल खाजवतं, अंडी नखात अडकतात आणि अंगठ्याबरोबर परत पोटात जातात. चोखणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही साखळी फार सोपी असते. नखं कापलेली ठेवणं आणि हात धुणं यानं ती बऱ्यापैकी तुटते. सुतासारखे जंत झालेच तर औषध एकट्या मुलाला देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं का आणि दुसरा डोस कधी, हे डॉक्टरांना विचारा. देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. ती चुकवू नका.

आता गंमत. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे. त्यांच्यात लहानपणी अंगठा चोखणं किंवा नखं खाणं यापैकी कोणतीही सवय नसलेल्यांपैकी ४९ टक्के मुलांची तेराव्या वर्षी त्वचेवरची ॲलर्जीची चाचणी सकारात्मक आली. दोन्ही सवयी असलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. थोडे जंतू लवकर पोटात गेल्यानं शरीराला सवय होते, असा त्यामागचा तर्क. दमा किंवा शिंका-सर्दीच्या ॲलर्जीत मात्र फरक दिसला नाही. २०१६ मध्ये हा अभ्यास आला तेव्हा त्याच्या लेखकांनीही मुलांना चोखायला उत्तेजन द्या असं म्हटलं नव्हतं. मी तो सासूबाईंना सांगितला आणि पुढचे दोन आठवडे पस्तावले, कारण 'बघ, विज्ञानसुद्धा चोखू दे म्हणतंय' हे वाक्य रोज ऐकावं लागलं.

आधी आम्ही काय चुकलो

पहिली चूक कडू लावण्याची. अंगावरचं दूध तोडताना कडुनिंब किंवा काळा बोळ लावायची रीत आपल्याकडे जुनीच. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, काळा बोळ उगाळून लाव अंगठ्याला, दोन दिवसांत विसरेल.' मी म्हटलं, 'आई, ती अंगठा विसरेल की तुम्हाला?' पण लावला. लेकीनं एकदा तोंड वाकडं केलं, फ्रॉकला अंगठा पुसला आणि चोखू लागली. दुसऱ्या दिवशी डावा अंगठा वापरायला शिकली. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक आणि त्यानं जुलाब होतात, हे मी नंतर वाचलं.

मिरची लावणारे लोक आहेत. कृपा करून लावू नका. तोच हात डोळ्याला जातो. नखांना लावायचं कडू द्रावण औषधाच्या दुकानात मिळतं, त्यात बहुधा डेनाटोनियम बेंझोएट असतं, जगातल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी एक. त्याचा उपयोग आहे, पण शिक्षा म्हणून नाही. चार-पाच वर्षांचं मूल स्वतःच 'मला आठवत नाही, अंगठा आपोआप जातो' असं म्हणत असेल तेव्हा ती कडू चव त्याला आठवण करून देते. लेबलवरचं वय वाचूनच वापरा.

दुसरी चूक लाजवण्याची. 'बघ, शेजारचा दादा हसतोय तुला', 'पोलीसकाका अंगठा घेऊन जातील'. याचा परिणाम काय होतो ते आता सरळ दिसतं: मूल बावरतं, बावरल्यावर त्याला शांत व्हायचं असतं, आणि शांत व्हायचं साधन एकच माहीत असतं. आम्ही अंगठा बाहेर काढायला जी वाक्यं वापरत होतो तीच त्याला आत ढकलत होती. शिवाय टोकणं म्हणजे लक्ष देणं. एकतीस वेळा चार माणसं आपल्याकडे वळून बघतात, हे अडीच वर्षांच्या मुलीला वाईट थोडंच वाटणार!

लाजेचा मुद्दा अगदीच खोटा नाही, हेही सांगायला हवं. १९९३ मध्ये अमेरिकेत पहिलीतल्या मुलांना त्यांच्याच वयाच्या मुलांची छायाचित्रं दाखवली, काहींत अंगठा तोंडात, काहींत नाही. अंगठा तोंडात असलेलं मूल त्यांना कमी हुशार, कमी आनंदी आणि मैत्री करायला कमी बरं वाटलं. म्हणून पहिलीत जाईपर्यंत सुटलेलं चांगलं. पण ते घरात चिडवून सुटत नाही.

मग काय उपयोगी पडलं

आठवडाभर आम्ही काहीच बोललो नाही. फक्त फ्रिजवरच्या त्याच कागदावर अंगठा कधी जातो ते लिहिलं. कागदानं आमची समजूत चुकीची ठरवली. मला वाटायचं दिवसभर चोखते. प्रत्यक्षात चार वेळा होत्या: टीव्ही समोर, गाडीत मागच्या सीटवर, पाहुणे आल्यावर पहिली दहा मिनिटं, आणि झोपताना. आपल्या मुलाचा कागद वेगळा असेल. कुणी भुकेनं चोखतं, कुणाला दात येत असतात, कुणी फक्त पाळणाघरात चोखतं. तीन-चार दिवस लिहून पाहिल्याशिवाय उपाय ठरवू नका.

टीव्ही आणि गाडीतला प्रश्न कंटाळ्याचा होता, आणि तो सगळ्यांत सोपा निघाला. दोन्ही हात गुंतलेले असले तर अंगठा रिकामा राहत नाही. संध्याकाळी टीव्हीच्या वेळी तिला मेथी निवडायला बसवली. एक जुडी निवडायला तिला पाऊण तास लागायचा आणि निम्मी पानं जमिनीवर, पण त्या पाऊण तासात अंगठा एकदाही तोंडात गेला नाही. कणकेचा गोळा, पाटी आणि ओला स्पंज, चिंध्यांची गाठ बांधणं-सोडणं, पानं उलटायची जाड गोष्टींची पुस्तकं, सगळं चालतं. शेंगदाणे, फुटाणे, मणी असलं काही या वयात हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतं. चोखणी देऊन अंगठा सोडवण्यातही अर्थ नाही. एकाचं घर सोडून दुसऱ्याच्या घरी राहायला गेल्यासारखं होतं ते.

पाहुण्यांचा प्रश्न बुजण्याचा होता. तिथे अंगठ्याचं नाव न काढता तिला कडेवर घ्यायचं, आणि आल्या आल्या तिच्याशी बोलायला जाऊ नका असं पाहुण्यांना खुणेनं सांगायचं, एवढंच केलं. दहा मिनिटांनी ती स्वतःच खेळणी दाखवायला जायची. आत्याबाई आल्या की मात्र हे जमत नाही. त्या आल्या आल्या गालगुच्चा घेतात.

उरली झोप, आणि झोप सगळ्यांत शेवटी घ्यायची असते. इथे आम्ही एक नियम केला: अंगठा गादीवर. चोखायचा तर खुशाल चोख, पण आपल्या अंथरुणात जाऊन. यात बंदी नाही, फक्त जागा ठरलेली आहे. खेळ सोडून गादीवर जायचं म्हणजे कंटाळवाणं, म्हणून दिवसाचं चोखणं पंधरा दिवसांत बरंच ओसरलं. नियमाचा फायदा असा, की आजी, आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, सगळ्यांना म्हणायला एकच वाक्य मिळालं आणि तेही न रागावता म्हणता येण्यासारखं.

एक धागा आम्हाला बराच उशिरा सापडला. लेक अंगठा चोखताना दुसऱ्या हातानं नेहमी आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचा कोपरा चुरगाळायची. अशी जोडी पुष्कळ मुलांत असते: अंगठा आणि गोधडी, अंगठा आणि आईच्या कानाची पाळी, अंगठा आणि केस. यावर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक फ्रिमन यांनी काम केलं आहे: जोडीदार वस्तू काढून घेतली की चोखणंही आपोआप कमी होतं. आम्ही गोधडी दिवसा कपाटात, रात्री अंगावर, असं केलं. मुलीनं पहिल्या दिवशी आकांत केला, दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विसरली. अंगठ्याबरोबर मूल स्वतःचे केस ओढून तोडत असेल तर मात्र ते स्वतंत्रपणे डॉक्टरांना सांगा.

बक्षीस तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला कळतं, त्याआधी 'उद्या' म्हणजे काय हेच कळत नाही. आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर माझ्या पाकिटातली टिकली लावायचो, गोष्टीच्या वेळेत अंगठा बाहेर राहिला की एक. संपूर्ण दिवसाची अट घालू नका, मूल हरतं आणि खेळ संपतो. एक छोटा तुकडा निवडा, पंधरा मिनिटांचा. कमावलेली टिकली कोणत्याही कारणानं परत काढायची नाही. आणि शाबासकी नेमकी द्यायची: 'शहाणी माझी बाई' म्हटलं तर कशाबद्दल ते तिला कळत नाही, 'आख्खी गोष्ट झाली, दोन्ही हात पुस्तकावर होते!' हे कळतं.

हे सगळं कधी सुरू करू नये तेही महत्त्वाचं. नवं भावंड आलंय, घर बदललंय, नुकतीच बालवाडी सुरू झालीय, दूध तोडताय, ताप येऊन गेलाय, तेव्हा थांबा. अशा दिवसांत सुटलेला अंगठाही परत येतो. आमच्याकडे गावच्या जत्रेहून आल्यावर आठ दिवस आला होता. चार वर्षांनंतर अचानक नव्यानं सुरू झाला, किंवा एकीकडे बोलणं मागे पडतंय असं वाटलं, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

मूल मोठं असेल तर

पाच-सहा वर्षांच्या मुलाशी बोलता येतं, आणि तिथे उपाय बदलतो. मानसशास्त्रज्ञ नॅथन अझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अंगठ्यासाठी एक पद्धत मांडली. अंगठा वर निघाला हे मुलानं स्वतः ओळखायचं, आणि तो तोंडाशी पोचायच्या आत मूठ घट्ट वळून मनात आकडे मोजत थांबायचं. सोपी वाटते, पण सगळी मदार मुलाच्या इच्छेवर आहे. आईनं 'मूठ वळ!' असं ओरडलं की ती पद्धत संपली.

रात्री हातमोजा किंवा पातळ सुती मोजा घालणं हीसुद्धा आठवणच, कैद नाही. मुलानं मोजा स्वतः निवडलेला असावा, रंगवलेला असला तर फारच छान. कोपराला बँडेज गुंडाळण्याचा उपाय सांगतात. तो दंतवैद्यांनी करून दाखवल्याशिवाय करू नका, घट्ट झालं तर रक्तपुरवठा अडतो.

एवढ्यानं जमलं नाही तर दंतवैद्य टाळूजवळ तारेची छोटी जाळी बसवतात. ती टोचत नाही. अंगठा टाळूला टेकू देत नाही आणि चोखण्याची मजा निघून जाते. एका प्रकारात तारेवर फिरणारा लहान मणी असतो, मुलाची जीभ त्याच्याशी खेळत राहते. काही दिवस बोलणं जड होतं, खाणं अडतं, लाळ गळते, हे आधी मुलाला सांगावं. २०१५ मध्ये वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कोक्रेन संस्थेनं या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा निकषांत बसणाऱ्या अवघ्या सहाच सापडल्या. त्यांवरून एवढं म्हणता आलं, की काहीच न करण्यापेक्षा जाळी किंवा बक्षीस-शाबासकीचे मार्ग बरे. पण पुरावा कच्चा आहे. त्यामुळे 'शंभर टक्के हमी' म्हणून कुणी महागडं उपकरण गळ्यात मारत असेल तर दुसरा सल्ला घ्या.

आमची लेक आता चार वर्षांची होईल. दिवसा अंगठा बाहेर असतो. रात्री तिला थोपटताना मी माझी दोन बोटं तिच्या मुठीत देते; ती ती धरते आणि बहुतेक वेळा तशीच झोपते. कधी झोपेत अंगठा गेलाच, तर झोप गाढ झाल्यावर हनुवटी हलकेच खाली करून तो बाहेर काढते. ओठ चार-पाच वेळा रिकामेच हलतात आणि थांबतात. परवा तिनं बाहुलीला निजवताना बाहुलीचा अंगठा तिच्या तोंडाला लावला आणि मला दटावून सांगितलं, 'आई, तिला बोलू नकोस, ती गादीवर आहे.'